लग्नपत्रिकेचं ॲप की दुकानातली वही? बायकांच्या नावाआधीची उपाधी कोण नीट छापतं

पत्रिकेत पुरुषाच्या नावाआधी लागतं ते मोजून तीन-चार प्रकारचं: श्री., चि., कै., आणि शिकला असेल तर डॉ. किंवा ॲड. बाईच्या नावाआधी काय लागतं ते बघा. कु., चि. सौ. कां., सौ., श्रीमती, गं. भा., कै. सौ., ती., मातोश्री, आयु., आणि घराणं तसं असेल तर आईसाहेब, वहिनीसाहेब, राणीसाहेब. यातल्या प्रत्येकातून वाचणारा काहीतरी ताडतो. हिचं लग्न झालंय का, नवरा आहे का, असला तर कोण आहे. म्हणूनच पत्रिकेतली मुहूर्ताची चूक फोनवर निभावते, पण नवरा धडधाकट असलेल्या आत्याबाईंच्या नावाआधी 'श्रीमती' पडलं की तो रुसवा बारशापर्यंत टिकतो.

पत्रिका करून देणाऱ्या सेवांचं परीक्षण होतं ते कागद, सोनेरी छपाई, गणपतीचं चित्र आणि दर यांवर. इथे कसोटी एकच: स्त्रियांच्या मानाचे शब्द. त्यासाठी बाजारातले तीन मार्ग घेतले आहेत. फोनवरची पत्रिका-ॲप, छपाईच्या दुकानातली नमुन्यांची वही, आणि कोऱ्या पानावर मजकूर जुळवून देणारा डीटीपीवाला. कंपन्यांची नावं दिलेली नाहीत, कारण चुका एकेकट्या कंपनीच्या नाहीत, त्या त्या मार्गाच्याच आहेत.

चाचणीला जी नावं द्यायची ती सोपी नकोत. नवरी, तिची डॉक्टर आई आणि कारकून वडील, नवऱ्याची विधवा आई जी स्वतः निमंत्रक आहे, नवरा हयात असताना वारलेली आजी, माळकरी घरातली वारलेली पणजी, पन्नाशीची अविवाहित प्राध्यापक आत्या, घटस्फोटित मावशी, गावची माजी सरपंच काकू, 'कोऱ्हाळकर' आडनावाची वकील मामी, बौद्ध घरातली मोठी जाऊ आणि नावाला 'राजे' लागणाऱ्या घरातली वहिनी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या कुटुंबात यातल्या सहा-सात तरी सापडतातच. एवढी नावं जो मार्ग न अडखळता छापतो तो चांगला.

ॲपवर जरा थांबायला हवं, कारण सर्वात जास्त लोक आता तिथेच जातात आणि सर्वात जास्त गोंधळही तिथेच होतो.

मुळात ही ॲप बहुतेक हिंदी मजकुरावरून मराठीत आणलेली असतात. हिंदी पत्रिकेत 'श्रीमती एवं श्री' म्हणजे जोडपं. तिथे श्रीमती ही नवरा असलेली बाई. मराठी पत्रिकेत जोडप्यातली बाई सौ. असते, आणि श्रीमती म्हटलं की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विधवा येते. संस्कृतात श्रीमतीचा अर्थ नुसता 'श्री असलेली', त्यात वैधव्याचा मागमूस नाही. सरकारी पत्रव्यवहारात आणि शाळेच्या फलकावर श्रीमती सगळ्याच बायकांना लागतं. पण पत्रिका सरकारी कागद नव्हे. ॲपमध्ये 'श्रीमती मीना व श्री प्रकाश' असं आपोआप आलं तर ते व्याकरणानं बरोबर आणि मांडवात चूक. ते हातानं बदलता येतं का, हे पहिल्यांदा तपासायचं. काहींत उपाधी ही नुसती निवडयादी असते आणि मराठी निवडूनही त्या यादीत 'सौ.' नसतंच. तसं दिसलं तर पुढे वेळ घालवू नये. नाहीतर 'सौ.' नावाच्याच चौकटीत टाइप करायचं आणि उपाधीची चौकट रिकामी ठेवायची, हा एक चोरवाटेचा उपाय आहे.

निवडयादीची दुसरी अडचण म्हणजे ती एकच उपाधी घेते. नवरा हयात असताना वारलेल्या आजीला मराठीत 'कै. सौ.' लिहितात. त्या दोन संक्षेपांत जुन्या माणसांच्या दृष्टीनं बरंच काही सांगून झालेलं असतं. ॲप म्हणतं, कै. निवडा नाहीतर सौ. निवडा. कै. निवडलं तर आजीचा मान गेला असं घरातले म्हणतात, आणि सौ. निवडलं तर आजी जिवंत होते. माळकरी घरात 'कै.' नको असतं, 'वै.' लागतं, म्हणजे वैकुंठवासी. ते यादीत सहसा नसतंच. बौद्ध घरात 'कालकथित' लिहितात, आणि हयात बाईला 'आयुष्मती', संक्षेपानं 'आयु.'. छापलेल्या पत्रिकांमध्ये 'आयुष्यमती' फार दिसतं. शब्द 'आयुष्मान'चं स्त्रीरूप आहे, त्यामुळे 'आयुष्मती' हेच नेटकं. पण घरच्यांनी 'आयुष्यमती' लिहून दिलं तर छापणाऱ्यानं परस्पर बदलू नये, विचारावं.

तिसरी अडचण 'सौ. व श्री.' या जोडणीची. 'सौ. व श्री. प्रकाश जोशी' असं छापलं की त्यात बाईला उपाधी मिळते, नाव मिळत नाही. मान आहे, माणूस नाही. ॲपमध्ये जागा वाचवायला हाच साचा ठोकून दिलेला असतो आणि चौकटीला अक्षरांची मर्यादा असते. डॉक्टर आई आणि कारकून वडील या जोडीवर हा साचा उघडा पडतो: आईची डॉक्टरी गायब, कारण साच्यात तिच्यासाठी 'सौ.' एवढंच घर आहे. उलट वडील डॉक्टर असते तर 'डॉ. व सौ. प्रकाश' अशी सोय लगेच निघते. नीट लिहायचं तर 'डॉ. मीना व श्री. प्रकाश जोशी'. 'डॉ. सौ. मीना' असंही पुष्कळजण लिहितात आणि तो क्रम तरी बरोबर आहे, 'सौ. डॉ.' हा उलटा क्रम डोळ्यांना खटकतो. पण पुरुषाला आपण 'डॉ. श्री.' म्हणत नाही, मग बाईच्या डॉ.ला सौ.चा टेकू कशाला?

आता शाही साच्यांबद्दल. कमानी, मोरपीस, मुजरा करणारे मावळे, आणि मजकुरात नवरीला 'महाराणी', 'राणीसरकार', 'युवराज्ञी' यांतलं काहीही. हौसेला मोल नाही, पण या शब्दांना अर्थ आहेत. गादीवर बसलेल्या राजाची पत्नी ती राणी किंवा महाराणी; अनेक राण्यांत मुख्य ती पट्टराणी; गादीवरच्या राजाची आई ती राजमाता; युवराजाची पत्नी ती युवराज्ञी. एकाच पत्रिकेत नवरी 'महाराणी' आणि सासू 'राणीसाहेब' छापली की सासू सुनेच्या खालच्या पायरीवर गेली. हसण्यावारी नेण्यासारखी चूक आहे, जोवर सासू हसते तोवर.

समानार्थी शब्द सुचवणारं बटण या साच्यांत असेल तर जपून. राणीला समानार्थी म्हणून 'महिषी' पुढे येतं, आणि कोशाच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर आहे. अमरकोशात अभिषेक झालेली ती महिषी आणि राजाच्या बाकीच्या स्त्रिया भोगिनी, असा भेद केला आहे. नाटकाच्या भाषेसाठी तिथेच आणखी एक जोडी आहे: अभिषेक झालेलीला देवी, इतरांना भट्टिनी. पण आपल्या गोठ्यातली म्हैस ही याच महिषी शब्दावरून आली आहे, आणि पत्रिका वाचणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना तीच आठवणार. राजघराण्याचा रुबाब हवाच असेल तर 'राज्ञी' हा शब्द बरा. महाराणी येसूबाईंच्या शिक्क्यातली 'श्री सखी राज्ञी जयति' ही अक्षरं पुष्कळांना माहीत असतात. तोही बेतानं. आणि स्त्रीला समानार्थी म्हणून जे ललना, कामिनी, रमणी, प्रमदा येतं ते सगळं शृंगाराच्या कप्प्यातलं आहे. 'समस्त ललना मंडळ' असं हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर छापायचं नसतं. तिथे 'भगिनी', 'सुवासिनी' किंवा साधं 'महिला' चालतं, आणि विधवांनाही बोलावणं असेल तर 'सुवासिनी' शब्द वगळावाच लागतो.

ज्यांच्या घरात खरोखरच अशी रीत आहे तिथे गोष्ट वेगळी. सातारा, कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर इकडच्या घराण्यांत बाईच्या नावाला 'राजे' जोडतात: सुमित्राराजे, विजयाराजे, शुभांगिनीराजे. ते नावाचाच भाग आहे, जोडूनच लिहायचं. ॲप 'राजे'ला आडनाव समजतं आणि पुढच्या ओळीत ढकलतं. 'साहेब'चंही तसंच. आईसाहेब, वहिनीसाहेब, काकीसाहेब, अक्कासाहेब हे अखंड शब्द आहेत. 'वहिनी साहेब' असं फोडलं की दोन माणसं झाल्यासारखं वाटतं. आणि 'साहेबा' असं स्त्रीलिंग करायचं नाही. मान बाईचा असला तरी शब्द साहेबच, क्रियापद मात्र 'आल्या'. संस्थानिकांची अधिकृत मान्यता १९७१ च्या घटनादुरुस्तीनं गेली, तेव्हा आज पत्रिकेवरचं 'श्रीमंत' किंवा 'राणीसाहेब' हे घरचं आणि गावचं सौजन्य आहे. म्हणूनच ते त्या घरानं लिहून दिलं असेल तसंच छापावं. स्वतःच्या मनानं चढवू नये आणि उतरवूही नये.

ॲपबद्दल एक तांत्रिक गोष्ट. तयार होणारं चित्र बहुतेक फोनवर पाठवण्याच्या मापाचं, म्हणजे १०८० पिक्सेल रुंदीचं असतं. छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरतात. ५ बाय ७ इंचाच्या पत्रिकेला १५०० बाय २१०० पिक्सेल हवेत. १०८० वर छापलं तर मोठी अक्षरं निभावतात, पण बारीक अक्षरातले अनुस्वार आणि टिंबं विरघळतात, आणि उपाध्या सगळ्या त्या टिंबांवरच उभ्या आहेत. व्हॉट्सॲपवर आवतण पाठवण्यापुरतं ॲप ठीक. छापायचं असेल तर त्यातून पीडीएफ निघते का ते आधी बघा. या कसोटीवर ॲपला पाचपैकी दीड.

दुकानातली वही हा जुना मार्ग. काउंटरवर जाडजूड अल्बम असतो, त्यात पत्रिकांचे नमुने आणि मागे मजकुराचे नमुने. यात मराठी अस्सल असतं, कारण त्या खऱ्या घरांच्या पत्रिकाच असतात. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पासून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळं. मुलगी थोरली की धाकटी यासाठी 'ज्येष्ठ कन्या', 'कनिष्ठ कन्या', 'द्वितीय कन्या' हे शब्द तयार मिळतात. ॲपसारखं 'सुपुत्री' मिळत नाही. 'ती.' आणि 'ती. स्व.' यांतला फरकही जुन्या दुकानदाराला ठाऊक असतो: स्वतःच्या आई-वडिलांना तीर्थरूप, त्यांच्या ठिकाणी असलेल्या इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप.

पण वहीतला मजकूर जितका अस्सल तितकाच थिजलेला. 'गं. भा.' अजून अनेक वह्यांत आहे. गंगाभागीरथी हा शब्द पावित्र्याच्या अर्थानं घडवला होता. जुन्या पत्रांत सुवासिनीला 'सौभाग्यवती वज्रचुडेमंडित' आणि विधवेला 'गंगाभागीरथी' असे मायने असत. म्हणजे दोघींनाही मानच, फक्त एकीचा मान चुड्यावरून आणि दुसरीचा चुडा गेल्यावरून. आज तो बाईच्या कपाळी मारलेला शिक्का वाटतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारी भाषेत 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा एवढी टीका झाली की तो मागेच पडला. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. वारं कुठल्या दिशेचं आहे ते यातून कळतं. वहीत गं. भा. दिसलं तर खोडून द्यावं. 'श्रीमती' किंवा नुसतं नाव पुरतं.

विधवा आई निमंत्रक असेल तेव्हा वही खरी अडते. बहुतेक नमुन्यांत निमंत्रक म्हणजे जोडपंच. मग दुकानदार सुचवतो की काका-काकूंची नावं वर घ्या, आईचं खाली 'आशीर्वाद'मध्ये टाका. हे ऐकायचं नाही. मजकूर असा होतो: 'श्रीमती मीना प्रकाश जोशी यांचे व कै. प्रकाश गोविंद जोशी यांचे चिरंजीव', आणि निमंत्रक म्हणून 'श्रीमती मीना प्रकाश जोशी' एकट्या, खाली 'समस्त जोशी परिवार'. एका ओळीत काम होतं. 'कै.' नाव आधी घ्यायचं की आईचं, हे घरानं ठरवावं. पण निमंत्रणाच्या ओळीत मात्र हयात माणसाचंच नाव हवं, कारण बोलावणारी आईच आहे.

वहीच्या मार्गातली नेहमीची चूक म्हणजे जुन्या घराची फाइल उघडून तीत नवी नावं भरणं. ऑपरेटर नावं बदलतो, उपाध्या जागच्या जागी राहतात. आधीच्या पत्रिकेत तिसऱ्या ओळीत 'कै.' होतं, तर तुमच्या पत्रिकेत तिसऱ्या ओळीतली काकू कैलासवासी. म्हणून पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायला दिलेली प्रत, आली की नावं वाचूच नयेत. फक्त उपाध्या वाचाव्यात, त्याही खालून वर. नाव ओळखीचं असतं, डोळा ते न वाचताच पुढे सरकतो. खालून वर गेलं की एकेक 'सौ.' सुटा दिसतो.

दुसरी नेहमीची चूक 'चि. सौ. कां.' मधल्या अनुस्वाराची. हा संक्षेप 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी'चा आहे, म्हणून 'कां.', 'का.' नव्हे. काही ठिकाणी 'सौ. कांक्षिणी' असा तुटका प्रकारही दिसतो, तो दोन्हीकडून चुकीचा. टिंबांचा हिशोब असा: श्री. हे श्रीयुतचं आखूड रूप मानलं तर टिंब हवं, सौ., कु., चि., कै. यांना हवंच, श्रीमती पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नको. पत्रिकेत एका ठिकाणी 'श्री' आणि दुसऱ्या ठिकाणी 'श्री.' असं नको. एकदा ठरवलं की तेच शेवटपर्यंत.

आणखी एक बारकावा कोणतीही वही सांगत नाही. मुलीच्या बाजूची पत्रिका म्हणते: 'चि. सौ. कां. अमृता हिचा शुभविवाह चि. रोहन यांच्याशी'. आपली मुलगी, म्हणून 'हिचा'. जावई परका, म्हणून 'यांच्याशी'. हे एकवेळ समजू शकतं. पण मुलाच्या बाजूची पत्रिका उघडा. तिथे 'चि. रोहन याचा शुभविवाह चि. सौ. कां. अमृता यांच्याशी' असं यायला हवं, कारण आता सून परक्या घरची आहे. छापलेलं असतं 'हिच्याशी'. उपाधी सव्वा हात लांब आणि सर्वनाम एकेरी. दोन्ही पत्रिकांत दोघांनाही 'यांचा' आणि 'यांच्याशी' केलं की प्रश्न मिटतो, एक अक्षरही जास्त लागत नाही.

वहीला पाचपैकी तीन. वहीच्या मागे बसलेला माणूस विचारणारा असेल तर साडेतीन.

डीटीपीवाला म्हणजे कोरं पान. तो तुम्ही लिहून द्याल तेच टाइप करतो, त्यामुळे निकाल बराचसा तुमच्या कागदावर ठरतो. कागद असा द्यावा: तीन रकाने, पहिल्यात उपाधी, दुसऱ्यात पूर्ण नाव, तिसऱ्यात नातं. उपाधी पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहावी आणि शेजारी संक्षेप, म्हणजे 'सौभाग्यकांक्षिणी – सौ. कां.' असं, कारण घाईच्या अक्षरात 'कां' आणि 'का' सारखेच दिसतात. 'मा.' हा संक्षेप तर कधीच देऊ नये. तो माननीयचा आहे की माजीचा हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत. काकू माजी सरपंच असेल तर 'माजी सरपंच' असं पूर्ण लिहावं, 'मा. सरपंच' छापलं तर सध्याच्या सरपंचाच्या घरून फोन येतो.

पदाच्या शब्दांचं लिंग हाही रोजचा वाद. सरपंच, महापौर, आमदार, सभापती, न्यायाधीश हे बाईलाही तसेच लागतात. 'सरपंचा' हा शब्द नाही. प्रतिभा पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हाही पदनाम राष्ट्रपती असंच राहिलं. अध्यक्षा, संचालिका, प्राचार्या, मुख्याध्यापिका ही रूपं मात्र रुळलेली आहेत आणि चालतात. 'ईण' लावून केलेली रूपं पत्रिकेत आणू नयेत. पाटलीणबाई, देशमुखीण, डॉक्टरीणबाई यांत ती स्वतः त्या पदावर आहे की नवऱ्याच्या पदामुळे तसं म्हणतात, हे कळत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा २०११ पासून बायकांसाठी राखीव आहेत; ती स्वतःच सरपंच असण्याची शक्यता आता पुरेपूर आहे.

पन्नाशीची अविवाहित प्राध्यापक आत्या हा सगळ्यांत नाजूक खण. 'कु.' नियमानं बरोबर, पण तिच्या भाचीच्या नावाआधीही 'कु.'च असतं. 'श्रीमती' लिहिलं तर गाव विचारतं, लग्न कधी झालं होतं? इथे पदवी कामाला येते: 'प्रा.' लिहा आणि मोकळे व्हा. पद नसेल तर नावाला 'ताई' जोडा. घटस्फोटित मावशीसाठीही हाच उपाय. 'बाई' जोडताना मात्र विचार करावा. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्या नावातलं 'बाई' हे मानाचं टोक होतं. आता शहरात 'बाई' म्हणजे एक तर शाळेतल्या नाहीतर धुणंभांडी करणाऱ्या. म्हणून नव्या नावाला ते लावू नये, पण पणजीच्या कागदोपत्री नावात 'पार्वतीबाई' असेल तर त्यातलं 'बाई' जागा वाचवायला कापूही नये.

टाइपाच्या अडचणी या मार्गात आहेतच. दुकानात अजून जुने, युनिकोड नसलेले टंक (फॉन्ट) वापरात असतात. तुम्ही फोनवरून पाठवलेला मजकूर तिथे चिकटवला की त्याची चिन्हं होतात आणि ऑपरेटर तो पुन्हा हातानं टाइप करतो. त्यामुळे फोनवर तपासून पाठवलं होतं, हा भरवसा धरू नये. 'कोऱ्हाळकर', 'गोऱ्हे', 'बोऱ्हाडे' या आडनावांतला अर्धचंद्रासारखा र जुळवता आला नाही की रफार होतो: 'कोर्हाळकर'. वकील मामीच्या 'ॲड.' चं काही टंकांत 'अॅड.' होऊन चंद्र अक्षरापासून सुटा पडतो. हिंदी वळणाच्या टंकात ल आणि श परके दिसतात. मराठी वळणाचा टंक मागून घ्यावा. आणि ओळीच्या टोकाला 'सौ.' एकटं लटकून नाव खालच्या ओळीत गेलं असेल तर प्रूफवर बाण काढून ते खाली ओढायला सांगावं, किंवा दोन्हींमध्ये न तुटणारी जागा टाकायला सांगावं.

दुरुस्ती कधीपर्यंत करता येते, हे छपाईच्या प्रकारावर ठरतं. डिजिटल छपाईत शेवटच्या घटकेपर्यंत बदल होतो. ऑफसेटला प्लेट बनली की नवी प्लेट. स्क्रीन प्रिंटिंगला नवी स्क्रीन. सोनेरी फॉइलला धातूचा ठसा बनतो, आणि तो झाल्यावर एक अनुस्वार बदलायचा तरी ठसा पुन्हा. म्हणून फॉइलमध्ये नवरा-नवरीची नावं आणि गणपती एवढंच ठेवावं, उपाध्यांची लांबलचक यादी साध्या शाईत. प्रूफावर घरातल्या दोघांची सही हवी: एक मजकूर लिहिणाऱ्याची, दुसरी नाती ठाऊक असलेल्या एखाद्या आजीची. आजीला चष्म्यासकट बसवावं. डीटीपीवाल्याला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या जुन्या टंकांपायी कापला.

बारशाच्या पत्रिकेचा एक मुद्दा जाता जाता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम राज्यात आला आहे. तयार साच्यांत मात्र चौकटी अजून तीनच असतात. आईचं नाव हवं असेल तर ते बाळाच्या चौकटीतच लिहावं लागतं.

कुठलीही उपाधी नकोच, असं ठरवणारी घरंही आता आहेत आणि छपाईच्या दृष्टीनं तो सर्वात निर्धोक मार्ग आहे. अट एवढीच की मग कुणालाच नको. बायकांची नावं मोकळी आणि पुरुषांच्या आधी 'श्री.' तसाच, असं अर्धवट झालं की ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. ऑपरेटर 'सौ.' शोधून सगळे काढतो, 'श्री.' काढायचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पाकिटं बहुतेक घरात हातानं लिहितात, आणि तिथे कोणतीही सेवा कामी येत नाही. पत्रिका शंभराच्या पटीत छापतात, पाकिटंही तेवढीच येतात. दहाएक जास्तीची मागून घ्यावी, कारण चुका तिथेच होतात. पाकीट लिहायला बसणाऱ्या भाच्याच्या हातात नावांची यादी देताना त्यात उपाधीचा रकाना असू द्या. नाहीतर तो सगळ्यांना 'सौ. व श्री.' लिहून मोकळा होतो, आणि गेल्या वर्षी एकट्या पडलेल्या काकूंच्या दारात ते पाकीट जाऊन पडतं.